वाकडा भांग

खाण चालू असो की बंद, माझी केबिन चालते.
खाली नदी, वर वस्ती, मधे मी,
दर खेपेला सात-आठ माणसं,
बटाट्यांची पोती, एकदा एक मेंढी.
एकच वाक्य तोंडात बसलंय :
दाराला टेकू नका.
घरीही सुटतं.
बाचाना म्हणतो, आई, हे फ्रीजचं दार आहे.

पहिली दोन वर्षं मी खाली बघितलंच नाही.
नोकरी हवी होती, उंची नको होती.
चियातुराच्या कड्यांवर वाढलेली बाई
आणि उंचीला भिते, हे सांगू कुणाला?
म्हणून लोकांच्या बुटांकडे बघायची.
बुटांवरून कळतं कोणाचा पगार झालाय,
कोणाचा रखडलाय.
एकदा असेच झिजलेले बूट ओळखीचे वाटले,
वर बघितलं तर नवरा.
गोचाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, तो कान खाणीने ठेवून घेतला.
आमची भांडणंही त्यामुळे त्याच्या उजव्या बाजूला होतात.

आज सकाळचं भांडण मात्र नुत्साशी.
हरवलेल्या एका हातमोज्यावरून.
हातमोजा हे कारण नव्हतं, मलाही कळत होतं,
तरी मी हातमोजा सोडला नाही.
सासूबाई चहात पाव बुडवून गप्प बसल्या होत्या.
आणि शेवटी माझ्या तोंडून जे निघालं
ते माझ्या आईचं वाक्य होतं,
जसंच्या तसं,
तिच्या त्या खालच्या पट्टीतल्या आवाजासकट.
हे एक वाक्य पुढे द्यायचं नाही
असं मी लग्नाआधीच ठरवलं होतं.
तिची तांब्याची कढई आनंदाने दिली असती पुढे.
ती भावाकडे गेली.

साडेआठची खेप.
स्टेशन सोडताना केबिन पायऱ्यांना अगदी खेटून जाते.
नुत्सा पायऱ्या उतरत होती.
आईच्या केबिनमधून जायचं नसतं हल्ली तिला,
दोनशे अकरा पायऱ्या चालतात.
टोपी हातात, मान खाली,
आणि मला वरून दिसला तिचा भांग.
वाकडा.
मधेच डावीकडे घसरलेला,
आरशात न बघता, घाईत, स्वतःचा स्वतः काढलेला.

मग दिवसभर तेच.
माणसं चढली, उतरली, कुणी सुट्टे मागितले,
आणि मी आठवत राहिले
की तिची वेणी मी शेवटची कधी घातली.
पहिला दात पडला ती तारीख माझ्याकडे लिहिलेली आहे.
ही नाही.
त्या दिवशीही मी म्हणाले असेन, हलू नकोस गं,
तिने हलून दाखवलं असेल,
आणि दुसऱ्या दिवशी कंगवा तिच्या हातात गेला असेल
आणि मला बरंच वाटलं असेल,
दहा मिनिटं वाचली म्हणून.

संध्याकाळी पायऱ्यांवर बर्फ धरला.
शेवटच्या खेपेला ती आली, दप्तर पोटाशी धरून,
दाराला टेकून उभी राहिली.
मी काही बोलले नाही. (यालाही मला एकोणचाळीस वर्षं लागली.)
मधोमध वाऱ्याने केबिन थांबली.
खाली नदी काळी, दोन्ही काठांवर दिवे,
आम्ही दोघी झुलतोय.
सवयीने मी म्हटलं,
घाबरू नका, आत्ता सुरू होईल.
ती म्हणाली, कुणाला सांगतेस?
मी म्हटलं, मला.

तेव्हा ती हसली. नाकातून, तिच्या बापासारखी.
मग मी सकाळच्या वाक्याबद्दल बोलले,
नीट नाही जमलं,
अर्ध्यातच केबिनला हिसका बसला
आणि माझं बोलणं कुठल्या कुठे गेलं.
ती म्हणाली, हातमोजा सापडला. आजीच्या खिशात होता.

वरच्या स्टेशनवर कुलूप लावताना आठवलं,
राजमा भिजत घालायचा राहिला.
ती पुढे चालत होती.
टोपी घाल म्हणणार होते.
नाही म्हटलं. भांग दिसत होता.